डिस्प्लेवर आकडा बरोबर, पण एक कोपरा वेगळाच वागतो: इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग किटमधला परत परत येणारा दोष

शॉकअपवर मोटर बसवून डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा टणकपणा, कमी-जास्त करणारं किट लावलेल्या गाड्यांमध्ये एक तक्रार ठरलेली असते. सुरुवातीचे काही आठवडे गाडी मस्त चालते. मग हळूहळू एक कोपरा वेगळा वागायला लागतो. गतिरोधक उतरताना गाडी डावीकडे जास्त डुलते, नाहीतर घाटातल्या वळणावर मागचं एक चाक टणक लागतं. कंट्रोलरवर मात्र चारही चाकांचे आकडे जागच्या जागी. बंद करून चालू केलं की कधी ठीक होतं, कधी नाही. गॅरेजमध्ये न्यावं तर नेमकं तेव्हा काही सापडत नाही. शेवटी मोटर बदलली जाते, पैसे जातात आणि पावसाळ्याच्या आसपास तोच त्रास पुन्हा उभा राहतो.

अशा बदललेल्या मोटरींपैकी बऱ्याच चांगल्या असतात. दोष दुसरीकडे असतो आणि तो घरच्या घरी शोधता येतो. अ‍ॅलन कीचा संच, मल्टीमीटर, पांढऱ्या रंगाचा मार्कर आणि एक मोकळी दुपार एवढं पुरतं.

हे सगळं स्टेप मोटरच्या किटबद्दल आहे. शॉकअपच्या डोक्यावर हाताने फिरवायची घुंडी असते, ती काढून तिथे मोटर बसते आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरवरून ती फिरते. जपानच्या टेइन कंपनीचं ईडीएफसी हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. टोयोटाने १९८३ मध्ये सोअरर या गाडीत टेम्स नावाची व्यवस्था दिली, तिच्यातही शॉकअपच्या डोक्यावर बसलेला अ‍ॅक्च्युएटर (विजेवर चालणारी छोटी यंत्रणा) आतला व्हॉल्व्ह फिरवायचा. कंपनीतूनच सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या) व्हॉल्व्हचे शॉकअप आलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, त्यावर पुढे थोडं लिहिलं आहे.

आकडा येतो कुठून

पिस्टन रॉड आतून पोकळ असतो आणि त्यात एक नीडल, म्हणजे सुईसारखी टोकदार दांडी, असते. नीडल खाली गेली की तेलाची वाट अरुंद होते आणि शॉकअप टणक होतो. वर आली की मऊ. मोटर ही नीडल ठरावीक टप्प्यांनी फिरवते. नीडल प्रत्यक्षात कुठे आहे हे सांगणारा सेन्सर मात्र अशा साध्या मोटरीत नसतो. म्हणून चालू होताना कंट्रोलर मोटरीला एका टोकापर्यंत, बहुतेक किटमध्ये सगळ्यात टणक टोकापर्यंत, नेऊन टेकवतो. नीडल तिथे अडली असं समजून त्या जागेला शून्य धरतो आणि तिथून टप्पे मोजत तुमच्या सेटिंगवर येतो. चावी फिरवल्यावर बॉनेटखालून जी बारीक गुरगुर ऐकू येते ती याचीच.

म्हणजे डिस्प्लेवर दिसतात ते कंट्रोलरने पाठवलेले टप्पे. नीडल तेवढी फिरली की नाही, हे कळायला त्याच्याकडे काही साधन नाही. डोळे बांधून जिना मोजत चढणाऱ्या माणसाची एक पायरी चुकली की पुढचे सगळे मजले चुकतात, तसं हे होतं. हे एकदा पक्कं लक्षात आलं की शोधायच्या जागा तीनच उरतात: शून्य चुकीच्या ठिकाणी धरलं गेलं, मधले टप्पे सुटले, किंवा मोटर फिरली पण तिने नीडल फिरवलीच नाही.

आधी नीडलची खरी जागा बघा

वायरिंग, कंट्रोलर, सेटिंगचा मेनू, कशालाही हात लावण्याआधी हे करा. कंट्रोलरवरून चारही चाकं सगळ्यात टणक आकड्यावर आणा. मोटरींचा आवाज थांबू द्या, मग चावी बंद करा. किट चालू असताना मोटरीचा प्लग कधीही काढू नका, ड्रायव्हर सर्किट जळू शकतं.

आता ज्या कोपऱ्याची तक्रार आहे तिथली मोटर काढा. बहुतेक किटमध्ये रॉडच्या आट्यांवर एक अडॅप्टर बसतो आणि मोटर त्यात छोट्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरलेली असते. ग्रब स्क्रू सैल करून मोटर सरळ वर उचला, फिरवू नका. मोटरीच्या शाफ्टला वीज नसतानाही थोडी पकड असते, त्यामुळे मोटर फिरवत काढली तर नीडलही तिच्याबरोबर फिरते आणि सगळी तपासणी वाया जाते. तुमच्या किटची मोटर स्वतःच आट्यांवर बसणारी असेल तर ही पद्धत चालणार नाही, थेट प्लग अदलाबदलीच्या तपासणीकडे जा.

मोटर उचलल्यावर अ‍ॅलन की घालून नीडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच फिरवून बघा. जोर लावायचा नाही, दोन बोटांत जेवढा येतो तेवढाच. नीडल आधीच अडलेली असेल तर शून्य बरोबर आहे. ती अजून काही क्लिक फिरली, तर कंट्रोलर जिला शून्य समजतो ती जागा चुकीची आहे आणि तुमचा दोष समोर आला. किती क्लिक फिरली ते लिहून ठेवा. मग नीडल उलट दिशेने शेवटपर्यंत नेऊन एकूण क्लिक मोजा. त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या शॉकअपवरही हेच करा. दोन्हींची बेरीज सारखी यायला हवी. एका बाजूला कमी क्लिक येत असतील किंवा मध्येच नीडल जड जात असेल, तर बिघाड शॉकअपच्या आत आहे. मोटर कितीही वेळा बदलली तरी तो जाणार नाही.

नीडल चारही ठिकाणी बरोबर जागी मिळाली, तर एक-दोन दिवस गाडी चालवा आणि तक्रार पुन्हा जाणवल्याबरोबर हीच तपासणी करा, पण या वेळी चावी बंद-चालू न करता. त्यासाठी किटची वीज तोडा, म्हणजे आकडा हलायच्या आत नीडल सापडेल. इथेच बहुतेक जण फसतात. गॅरेजमध्ये गाडी येईपर्यंत चावी फिरलेली असते, किटने नव्याने शून्य शोधलेलं असतं आणि दोष तात्पुरता पुसला गेलेला असतो.

सेल्फ मारताना काय होतं

अधूनमधून येणाऱ्या दोषात माझा पहिला संशय नेहमी इथे जातो.

जुन्या पद्धतीच्या चावीत सेल्फ मारताना अ‍ॅक्सेसरीची लाइन तुटते. म्युझिक सिस्टीम क्षणभर बंद पडते ती त्यामुळेच. किट या लाइनवर असेल तर तेही पूर्ण बंद होतं आणि इंजिन सुरू झाल्यावर पहिल्यापासून शून्य शोधतं. यात सहसा बिघडत काही नाही.

त्रास होतो तो वीज पूर्ण न जाता फक्त खाली आल्यावर. किटची वायर इग्निशनच्या लाइनवर किंवा सेल्फ मारतानाही जिवंत राहणाऱ्या एखाद्या फ्यूजवर जोडलेली असेल, तर व्होल्टेज बाराच्या पुढून घसरून नऊ-दहावर येतं. आतल्या चिपला तेवढं पुरतं, म्हणून कंट्रोलर जागाच राहतो आणि टप्पे पाठवत राहतो. मोटरीला मात्र तेवढ्यात जोर मिळत नाही. ती जागेवर थरथरते, फिरत नाही. कंट्रोलरच्या हिशेबी टप्पे झाले, नीडल तिथेच. त्यात बटण स्टार्टची गाडी असेल तर ब्रेक दाबून बटण दाबलं की वीज येणं आणि सेल्फ लागणं यात क्षणाचंही अंतर राहत नाही, म्हणजे शून्य शोधण्याचं काम नेमकं स्टार्टरच्या वेळेवर येतं. बॅटरी म्हातारी झाली किंवा डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठा असला की हे वाढतं, म्हणून तक्रार ‘कधी येते, कधी नाही’ अशी वाटते.

तपासायचं असं: मल्टीमीटर कंट्रोलरच्या सप्लाय वायरवर, प्लगच्या अगदी जवळ लावा, मीटरवर किमान मूल्य धरून ठेवायची सोय असेल तर ती चालू करा आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या निरोगी बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे. सेल्फ मारताना बॅटरीवरच ९.६ च्या खाली घसरण होत असेल तर आधी बॅटरीचं बघा. बॅटरीवर आकडा बरा आणि कंट्रोलरजवळ मात्र तो बराच कमी, असं दिसलं तर मधल्या वायरीत किंवा अर्थमध्ये (गाडीच्या बॉडीला दिलेल्या निगेटिव्ह जोडणीत) घोळ आहे. डॅशबोर्डखालच्या कुठल्याही स्क्रूला अर्थ दिलेला बऱ्याच गाड्यांत सापडतो. स्क्रूखाली रंग असतो, तो स्क्रू प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटमध्ये असतो आणि ऐन वेळी अर्थ दगा देतो. कंपनीने जिथे अर्थचा बोल्ट दिला आहे तिथेच जोडा. मोटरी फिरत असताना कंट्रोलरची काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये.

उपाय स्वस्त आहे. बारा व्होल्टचा टायमर रिले घ्या, जो वीज आल्यावर पाच ते दहा सेकंद थांबून मग चालू होतो. त्याची कॉइल इग्निशनच्या लाइनवर द्या आणि किटची मुख्य वीज फ्यूजमधून थेट बॅटरीवरून रिलेच्या संपर्कातून न्या. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा आणि किटच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढ्याच अँपिअरचा हवा. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर चौदाच्या आसपास स्थिरावला की किट शांतपणे शून्य शोधतं. या एका रिलेने गेलेल्या तक्रारी इतक्या आहेत की नवीन किट बसवतानाच तो लावावा असं मी सगळ्यांना सांगतो.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत मात्र रिले पुरत नाही, कारण तिथे इग्निशन चालूच राहतं आणि सेल्फ दर सिग्नलला लागतो. आठवडाभर ती सोय बटणाने बंद ठेवून गाडी चालवा. दोष गेला तर कारण कळलं. मग किटच्या सप्लायवर बारा व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर बसवून घ्या.

मोटर फिरते, नीडल नाही

हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. मोटर आणि अडॅप्टर या दोघांवरून मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा, चावी चालू करा आणि शून्य शोधताना मोटरीवर बोट ठेवा. नुसती थरथर जाणवली तर ठीक. मोटरीचं अंगच वळलं आणि रेघ तुटली, तर ग्रब स्क्रू सैल आहे. तो इतका छोटा असतो की जोर लावला की त्याचे आटे जातात, आणि सैल ठेवला तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी निघतो. आटे स्वच्छ करून निळ्या थ्रेड लॉकचा एक थेंब लावा आणि कीच्या लहान बाजूने धरून फक्त घट्ट लागेपर्यंत फिरवा.

मोटर बसवताना नीडलच्या खाचेत षटकोनी पिन पूर्ण उतरली आहे का तेही बघा. अर्धवट उतरलेली पिन काही दिवस काम करते आणि खाचेच्या कडा खाते. खाच गोल झालेली दिसली तर पिन बदलून भागत नाही, नीडलच बदलावी लागते.

पुढच्या शॉकअपला आणखी एक गोष्ट आहे. पिलोबॉल माउंट (रबराऐवजी धातूच्या गोळीवर टेकणारं वरचं माउंट) असेल तर स्टीअरिंग वळवताना रॉड आणि त्याच्यावरची मोटर दोन्ही फिरतात. वायर ताणून बांधलेली असली की डावीकडे पूर्ण वळवल्यावर ती ओढली जाते आणि काही महिन्यांत इन्सुलेशनच्या आतल्या आत तुटते. बाहेरून वायर धडधाकट दिसते. बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि वायर किती सरकते ते बघा. मागच्या बाजूला हाच गुन्हा सीटचा बोल्ट, बिजागरी किंवा डिकीतलं पॅनेल करतं.

तुटलेली वायर शोधायची ती अशी: चार वायरींच्या मोटरीत दोन कॉइल असतात, दोन्हींचा रोध (रेझिस्टन्स) जवळपास सारखा यायला हवा. मीटर कंट्रोलरच्या बाजूच्या प्लगवर लावून वायर हाताने हलवत जा, आकडा जिथे उडतो तिथे तुटलंय. त्याहून सोपं म्हणजे पुढच्या डाव्या आणि उजव्या मोटरीचे प्लग कंट्रोलरजवळ अदलाबदल करणं, अर्थात वीज बंद ठेवून. दोष त्याच कोपऱ्यावर राहिला तर मोटर, वायर किंवा शॉकअप. दुसऱ्या बाजूला गेला तर कंट्रोलर.

पावसाचं पाणी

कित्येक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत पुढच्या शॉकअपचं डोकं वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पन्हाळीत येतं. काचेवरून येणारं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन बाजूंच्या भोकांतून खाली जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत गुलमोहराची बारीक पानं ही भोकं बुजवतात, पाणी साचतं आणि मोटर त्यात उभी राहते. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची यात भर पडते. प्लग उघडून पिनांवर हिरवट थर दिसला तर तोच तुमचा दोष, कारण तिथे रोध वाढून मोटरीचा जोर कमी होतो.

मे महिन्यातच पन्हाळी साफ करा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट वायरिंगवर अजिबात वापरू नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. वायर मोटरीकडे जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल. धुलाईच्या दुकानात बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा मारू देऊ नका.

ऑटो मोडमध्येच त्रास असेल तर

हाताने दिलेल्या सेटिंगवर गाडी ठीक आणि ऑटोवर वेडीवाकडी, तर नीडल सोडून सेन्सरकडे वळा. ब्रेक, वेग आणि वळणाचा जोर मोजणारा सेन्सर कंट्रोलरमध्येच असेल आणि कंट्रोलर तिरका चिकटवला असेल, तर सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला वळते आहे असं त्याला वाटतं आणि एक बाजू कायम टणक राहते. कॅलिब्रेशन सपाट जागी करायचं असतं. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये केलं तर तो उतारच त्याची सपाटी ठरतो. वेग जीपीएसवरून घेणाऱ्या किटमध्ये बोगद्यात सिग्नल जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात डॅम्पिंग अचानक बदललं तर तो बिघाड नाही. गाडीच्या स्पीड पल्सची वायर जोडता येत असेल तर ती जोडा.

ज्याला दोष म्हणता येणार नाही

सगळ्यात मऊ सेटिंगवरही खड्ड्यात दणका बसतो, ही तक्रार किटवर ढकलू नका. नीडल मुख्यतः पिस्टन हळू हलतो तेव्हाचं डॅम्पिंग बदलते: वळणावरचा कल, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, महामार्गावरचं तरंगणं. खड्ड्यात पिस्टन झपाट्याने हलतो, तिथे आतल्या शिम (पातळ चकत्या) आणि स्प्रिंगचं राज्य असतं. गाडी खूप खाली बसवली असेल तर बम्प स्टॉपच (शॉकअप पूर्ण दबल्यावर अडवणारा रबर) लागत असेल. आधी उंची वाढवून बघा. लांब घाट उतरल्यावर गाडी थोडी मऊ वाटते तेही तेल गरम होऊन पातळ झाल्यामुळे. पुढून टकटक येत असेल तर रॉडचा नट तपासा, आणि बॉनेट मोटरीला लागतं का ते बघायला मोटरीवर शाडूचा गोळा ठेवून बॉनेट बंद करून उघडा. गोळा किती दबला त्यावरून उरलेली जागा मोजता येते.

कंपनीचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून हे किट लावलं असेल, तर डॅशबोर्डवर येणारी सस्पेन्शनची चेतावणी ही वेगळी बाब आहे. गाडीचा कंट्रोल युनिट आपले सोलेनॉइड शोधतो आणि त्याला ते मिळत नाहीत. त्या गाडीसाठी बनलेला, सोलेनॉइड जागेवर असल्याचं भासवणारा कॅन्सल मॉड्यूल लावा किंवा ती व्यवस्था कोडिंगमधून जाणकाराकडून बंद करून घ्या. अंदाजाने कुठलाही रेझिस्टर जोडू नका. आणि बदल केल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

इतकं करूनही एका कोपऱ्यात नीडल जड जाते किंवा टणक टोकाला ती कुठे थांबते हे स्पष्ट कळत नाही, तर तिची बैठक खराब झाली आहे. हे बहुतेक वेळा कोणीतरी अ‍ॅलन कीने जोर लावून पिळल्यामुळे होतं. असा शॉकअप उघडून दुरुस्त करावा लागतो, आणि तो पाठवताना त्याच अ‍ॅक्सलचा दुसराही पाठवा. एकाचं तेल नवीन आणि दुसऱ्याचं जुनं राहिलं, तर दोन्हीकडे आकडा सारखा ठेवूनही डावं-उजवं सारखं लागणार नाही. ते परत येईपर्यंत मोटरींचे प्लग पिशवीत गुंडाळून वर बांधून ठेवा.